देवाची खडीसाखर आणि दुधाची दाढ

दाताच्या दवाखान्यात ज्याचं दुखतं त्याला बोलता येत नाही. मग बोलायचं काम सोबत आलेल्यांकडे येतं आणि किस्से बाकावरच साठत जातात. माझी सहा वर्षांची नात स्वरा, तिच्या खालच्या दुधाच्या दाढेसाठी आम्ही यवतमाळात लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे तीन खेपा केल्या. तेवढ्यात माझ्याकडे एवढे जमले!

पहिल्या दिवशी सूनही सोबत होती. डॉक्टरबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की कीड दाढेच्या नसेपर्यंत गेली आहे. नस साफ करून, औषध भरून वर स्टीलची टोपी बसवली तर दाढ वाचेल. नाहीतर काढावी लागेल, आणि नवी यायला चार-पाच वर्षं.

मग विचारलं, गोड किती खाते? सून अभिमानानं म्हणाली, आमच्याकडे चॉकलेट येतच नाही.

स्वरा म्हणाली, "आजी देते न खडीसाखर. देवाची. झोपताना. अन् चूळ भरू देत नाही."

खरं होतं. प्रसादावर चूळ भरायची नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो पाळत आले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाल्या, "काकू, चूळ भरली तर देव रागावत नाही. कीड रागावते."

घरी आल्यावर सुनेनं देवघरातली खडीसाखरेची डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी मी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलले. दाढ वाचली तर एकवीस मोदक, आणि तोवर मला साखर बंद. कीड मी लावली, तर पथ्यही मीच धरायला हवं.

*

नेरचे एक काका नातवाला घेऊन यायचे. त्यांच्या आणि आमच्या तारखा एकच. त्यांना हा सगळा प्रकारच पटत नव्हता. एकदा डॉक्टरबाईंना तोंडावर म्हणाले, "दुधाचा दात पडणारच हाय, त दुरुस्त कायले करता?"

त्यांनी हातमोजे काढत विचारलं, "काका, कपाशी शेवटी उपटायचीच असते. मग फवारता काहून?"

 काका हळूच बाकावरून उठले आणि स्वतःची दाढ दाखवून आले.

*

दुसऱ्या खेपेला नस साफ करायची होती, आणि स्वरा तोंडच उघडेना. डॉक्टरबाईंनी गोष्ट सांगितली, खुर्ची वरखाली करून दाखवली. ओठ घट्ट मिटलेले! आज झालं नाही तर दाढ काढण्याशिवाय इलाज नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

स्वरानं एकच अट घातली. आजी आधी.

नेमकी त्या दिवशी संकष्टी. तोंडात पाण्याचा फवारा गेला तर उपास मोडेल का, असं मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाणी गिळू नका म्हणजे झालं. बसले खुर्चीवर, मनात अथर्वशीर्ष. आरसा फिरला आणि त्यांनी सांगितलं, आजीच्याही दोन दाढा किडल्या आहेत.

स्वरा माझ्याकडे बघतच राहिली. "तुले कोण देत होतं खडीसाखर?"

मला सासूबाईंचा चेहरा आठवला. मी खुर्चीवरून उतरले. पोरगी खुर्चीवर चढली, माझं बोट धरलं आणि आ केला. इंजेक्शनच्या वेळी बोट तेवढं जोरात दाबलं.

*

तिसऱ्या खेपेला नेरच्या काकांच्या नातवाचं काम पूर्ण झालं. आनंदाच्या भरात काका पेढे घेऊन आले. दाताच्या दवाखान्यात पेढे! पोरं एकदा पेढ्यांकडे बघत होती, एकदा दाराकडे. डॉक्टरबाई बाहेर आल्या, पहिला पेढा त्यांनीच उचलला आणि बेसिनकडे बोट दाखवलं. मग काय, चूळ भरायला लहानमोठ्यांची रांग लागली.

मी पेढा रुमालात बांधायला लागले तर काका म्हणाले, "खा न ताई, एका पेढ्यानं काय होते?" मी नवसाचं सांगितलं. काका तडक आत गेले. "मॅडम, त्या पोरीची टोपी पहिले बसवा. तिची आजी बिनसाखरेचा चहा पिऊन राह्यली."

त्याच दिवशी टोपी बसली. दाढ वाचली. स्वरा आरशासमोरून हलेना. घरी आल्यावर सुनेनं मला साखरेचा चहा करून दिला, दोन चमचे घालून.

*

पुढच्या चतुर्थीला आम्ही तिघी कळंबला गेलो. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यापाशी आलो, एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवला. एक मोदक मी स्वराच्या हातावर ठेवला. तिनं खाल्ला, वर आली, माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि कोपऱ्यात जाऊन चूळ भरली. मी बाटलीचं झाकण धरून उभी राहिले.

मग बाटली घेऊन ती पुन्हा पायऱ्या उतरायला लागली. मी हाक मारली, थांबली नाही. मूर्तीसमोर उभी राहिली आणि बाटली दोन्ही हातांनी पुढे धरली.

"बाप्पा, चूळ भर. तुह्याजवळ एकच दात राह्यला."