एक्केचाळीस उत्तरं

भारती साळवे मूळच्या पुणतांब्याच्या. गोदावरीकाठची ही बाई पाथर्डी तालुक्यातल्या कोरड्या माळावर आली ती संस्थेच्या बदलीने. गाव वाईट होतं असं नाही. "जेवलात का बाई?" असं लोक येता-जाता विचारायचे. पण तीन संक्रांती गेल्या आणि हळदीकुंकवाला एकाही घरातून बोलावणं आलं नाही. का आलं नाही, हे गावालाही ठाऊक होतं आणि बाईंनाही. बाकीचे शिक्षक पाचची एसटी धरून नगरला पळत. बाईंच्या खोलीवर वाट पाहणारं कोणी नव्हतं. वडील रंगनाथ नुकतेच, उन्हाळ्यात वारले होते.

त्यामुळे १९९८ साली संस्थेने शाळेला एक कॉम्प्युटर धाडला, तेव्हा तो ठेवलेल्या खोलीची किल्ली आपसूक बाईंकडे आली. त्याच्यासोबत फ्लॉपीवर एक खेळ आला होता. पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार पर्याय. उत्तर बरोबर आलं तर घंटी वाजते, चुकलं तर लाल फुली आणि भसाडा भोंगा. आपले प्रश्न आपण टाइप करून त्यात भरता येतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. बाईंनी ते चारदा वाचलं.

वर्गातली निम्मी मुलं दसरा झाला की आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि होळीनंतर परत यायची. मधल्या काळातलं पुस्तक त्यांना कुठून येणार? कुठल्याही चाचणीत ती मागे, आणि मागे राहायची त्यांना सवयच झालेली. बाईंनी ठरवलं, ह्या मुलांना येतील असेच चाळीस प्रश्न काढायचे. मोळीचं वजन, बैलाचा खुराक, कोयत्याची धार, कारखान्याच्या वाटेवरची गावं. टोळ्या हलायच्या आत ह्या पोरांनी एकदा तरी जिंकावं, एवढीच बाईंची इच्छा होती. दुसरी कसली इच्छा करावी असं त्यांच्या आयुष्यात तेव्हा फारसं काही नव्हतंही.

पण खेळ फाइल घेईना. पहिल्यांदा पडद्यावर नुसते चौकोन आले. नगरच्या दुकानदाराला एसटीडीवरून विचारलं, तर तो म्हणाला, नुसता मजकूर म्हणून सेव्ह करा आणि खेळात मराठी फॉन्ट निवडा. तसं केल्यावर अक्षरं उमटली. प्रश्नांची फाइल वेगळी, उत्तरांची वेगळी. प्रत्येक प्रश्नाआधी एक चांदणी टाकायची. पहिल्या चांदणीच्या आधी काहीही असलं तरी खेळ ते सोडून देई. उत्तरांच्या फाइलीत मात्र एका ओळीवर एक आकडा, बस्स.

गुरुवारी बाईंनी सातवीला खोलीत बोलावलं. पहिला नंबर रोहिणीचा. एरवी ही पोरगी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायची. प्रश्न आला, उसात साखर सगळ्यात जास्त कुठे असते? रोहिणी चक्क हसली. तिने बुडख्याचा पर्याय निवडून बटण दाबलं.

लाल फुली आली आणि भोंगा वाजला. वर्ग खिदळला.

"माझंच चुकलं आसंल, बाई," रोहिणी हळूच म्हणाली. "मी निम्मं वरीस साळंत नसती."

आता ह्या घडीला बाईंनी एवढंच म्हणायचं होतं, की तुझं बरोबर आहे. अगदी तीन शब्द. पण बाई उत्तरांच्या फाइलीत घुसल्या. पुढच्या पोरांची काही उत्तरं बरोबर ठरत होती, काही चूक, त्यामुळे घोळ कुठे आहे ते कळेना. तेवढ्यात तास संपला आणि पोरं पांगली. बाईंनी मनाशी म्हटलं, शनिवारी तिला पडद्यावरच दाखवू. टोळीला न्यायची गाडी तर रविवारी येणार होती.

शुक्रवारी दिवसभर वीज नव्हती. शनिवारी सकाळी सातला आली आणि बाईंनी फाइल पुन्हा भरली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे आले : प्रश्न चाळीस, उत्तरं एक्केचाळीस. बाईंनी कागदावरची उत्तरं बोट ठेवून मोजली. चाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा चाळीसच. मग डोकं धरून त्या नुसत्या कागदाकडे बघत राहिल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना सगळ्यात वरची ओळ दिसली.

जयभीम.

कोऱ्या कागदावर आधी जयभीम, मग बाकीचं. मोठेपणी रात्रशाळेत अक्षर शिकलेल्या रंगनाथांनी लेकीला पहिल्या पाटीवर हेच शिकवलं होतं. तीस वर्षांत बाईंनी त्याशिवाय एक पान लिहिलं नव्हतं, इतकं की ती ओळ त्यांच्या मोजण्यातच येत नसे. फाइलीतही ती तशीच टाइप झाली होती. यंत्राला हे कोण सांगणार? त्याने ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर धरलं आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर खाली सरकली. पहिल्या प्रश्नाला तर कोणीही बरोबर ठरणारच नव्हतं. वडिलांनी शिकवलेली ओळ बाईंनी फाइलीतून खोडली. मग पहिला प्रश्न लावला, बुडख्याचा पर्याय दाबला आणि घंटी वाजली.

वर्गात रोहिणी नव्हती. निम्मे बाक रिकामे होते. मुकादमाने ट्रक एक दिवस आधीच आणला, पहाटेच सगळी गेली, असं पोरांनी सांगितलं.

शाळा सुटल्यावर बाई वस्तीवर गेल्या. रोहिणीची आजी छबूबाई दोन शेळ्या राखायला मागे राहिली होती.

"आजी, रोहिणीचं उत्तर बरोबर होतं," बाई दम खात म्हणाल्या. "चूक माझी झाली होती. तुम्ही तिला कळवा."

"कुठं कळवू, बाई? टोळी आज हितं तर उद्या तितं." म्हातारीने बाईंना बसायला पोतं अंथरलं आणि आत जाऊन रोहिणीचं दप्तर आणलं. "दरसाली गोधडीत बांधून न्यायची. आवंदा पाय गाडीवर ठिवला आन् हे माज्या हातात दिलं. म्हनली, मला काई येत न्हाई, आजे, उगं वझं कशाला."