गोंदाच्या टेबलावरच्या पाचजणी

बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या टेबलावर ती नवी कामाला लागली, तेव्हा तिला वाटलं, या बायका भलत्याच माणूसघाण्या दिसतात. डब्याच्या सुट्टीत चौघी चार कोपऱ्यांत, एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. भर उन्हाळ्यात बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. "माझ्या डब्याला दृष्ट लावाल की काय?" असं तिनं गमतीत विचारलं, तर कुणी हसलंसुद्धा नाही.

वर्ष सरलं. एका सकाळी भांडी घासताना तिला अंगठ्यावर खडूसारखा डाग दिसला. चोळला, जाईना. पुढच्या महिन्यात तर्जनीचं टोक पांढरं पडलं, मग मधलं बोट. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. कुणीतरी तिच्या नकळत तिचा रंग थोडा थोडा काढून नेत होतं.

आईनं हात पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मासे खाल्लेस आणि वर पेलाभर दूध ढोसलंस. सांगत होते की नाही?"

"एकदाच ग, आई."

"एकदाच पुरतं."

झालं! पांढरं म्हणून जे जे होतं ते घरातून हद्दपार झालं. दूध, दही, भात, अंडी. डाग वाढला की आई आणखी एक जिन्नस बंद करायची. शेवटी मिठावरही गदा आली, तेही पांढरंच ना! उकडलेली अळणी भाजी गिळून तिची हाडं वर आली, पण बोटं पांढरी व्हायची थांबेनात. अन्न सोडत सोडत आपण एक दिवस काचेसारख्या आरपार दिसू लागू, अशी भीती तिच्या मनात घर करून बसली. तीही आता बाह्या ओढून पाचव्या जागी पाठ करून बसू लागली.

एका दुपारी हातातला बूट तसाच सुटला आणि ती टेबलावर कोसळली. डोळे उघडले तेव्हा सगळ्यांत वयस्कर काकू तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. घाईत त्यांची बाही वर सरकली होती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिन्ही पांढरी.

"काकू, तुमचंही?"

काकूंनी हात मागे घेतला, मग सावकाश पुढे केला. "सात वर्षं झाली, आंबट सोडलंय मी."

"मी वांगी," दुसरी पुटपुटली.

"मी मासे."

"मी दूध आणि साखर."

एकेक हात टेबलावर आला. पाच हात, सगळ्यांची तीच तीन बोटं, एकाच साच्यातून काढल्यासारखी. मग तिची नजर गोंदाच्या ब्रशकडे गेली. तो सगळ्याजणी त्याच तीन बोटांत धरायच्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ताटाच्या आधी तिच्या कामाची चौकशी केली. "असले डाग खाण्यानं येत नाहीत आणि पथ्यानं जात नाहीत. काही गोंदांतलं रसायन कातडीला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. ते काम थांबव. चक्कर मात्र तुझ्या पथ्यामुळे आली, आज घरी जाऊन पोटभर जेव."

पाचहीजणी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मुकादमाकडे गेल्या. त्यानं आधी उडवून लावलं, पण काकूंनी त्याच्या वहीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. महिन्याभरात गोंद बदलला, हातमोजे आले. तिच्या अंगठ्याला हळूहळू रंग फुटला. तर्जनी तशीच राहिली. आईनं भाताचं भांडं चुलीवर चढवलं, पण आपलं चुकलं असं काही ती म्हणाली नाही.

त्या आठवड्यात पाचहीजणी पहिल्यांदा एकत्र जेवायला बसल्या. काकूंचा घास काही तोंडात जाईना.

"तुझ्या आधी तुझ्या जागेवर एकजण होती," त्या तिला म्हणाल्या. "तिचेही हात असेच झाले होते. मीच म्हटलं तिला, आंबट सोड. मग कुणी म्हणालं, दूध सोड. ती गुणी होती बिचारी, सांगेल ते ऐकायची. रोज काहीतरी सोडायची."

"मग?"

"मग काय? सोडण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिनं जीवच सोडला."