अक्कांनी काढलेलं तळं

अक्का कुठलंही डिझाइन आधी उलटं धरून बघायच्या. छापून आलेला कागद हातात दिला की तो खालचा वर करायच्या, हात लांब धरायच्या आणि डोळे बारीक करून म्हणायच्या, "आता वाचू नको, नुसतं बघ. वजन कुठं पडलंय?" उलट्या कागदावर अक्षरं वाचता येत नाहीत. ती नुसते काळे आकार होऊन जातात आणि कागद कुठल्या अंगाला कलंडलाय ते लगेच दिसतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. मालकांना मात्र हा प्रकार अशुभ वाटायचा. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा नमुना अक्कांनी त्याच्याच माणसांसमोर उलटा धरला. पुढाऱ्याचे पाय वर झालेले बघून ती माणसं एकमेकांकडं बघू लागली. मालकांनी तो कागद अक्कांच्या हातातून ओढून घेतला आणि सगळ्यांना चहा मागवला.

आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीच्या तळघरात होतं. खाली यायला एक अरुंद जिना, खिडकी एकही नाही. अक्का देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातल्या. चित्रकला शिकायला शहरात आल्या आणि इथंच कामाला लागल्या. लग्न केलं नव्हतं. नाव सुनंदा, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. मी पाचोडची, नुकतीच शिक्षण संपवून आलेली, मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. ती दुष्काळाची वर्षं होती. जिन्यावरून कोणीही उतरलं की अक्का कामावरून मान न उचलता विचारायच्या, "आभाळ आलंय का?" उतरणारा म्हणायचा, "नाय, अक्का." मग त्या पुन्हा कामाला लागायच्या.

गिऱ्हाईक खुर्चीमागं येऊन बसायचं आणि "फोटो अजून मोठा करा" म्हणायचं, हा आमच्या धंद्यातला रोजचा छळ. अक्का त्याच्याकडं खुर्ची वळवायच्या आणि विचारायच्या, "हे वाचणार कोण? उभं राहून वाचणार का गाडीवरून जाताना? आणि वाचून झाल्यावर त्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं?" एका शिकवणीवाल्या सरांनी उत्तर दिलं होतं, "सगळ्यांनी वाचावं, मॅडम." अक्का म्हणाल्या, "सगळे म्हणजे कोणीच नाय, सर. दहावीच्या पोराची आई वाचणार असंल तर तसं सांगा. तिला तुमचा सूट बघायचा नाय, क्लास कधी सुटतो ते बघायचंय." सर जरा रागावले, पण सुटण्याची वेळ मोठ्या अक्षरात गेली.

तोंडी होकाराला त्या होकार मानत नसत. "चालेल म्हणणारा माणूस उद्या दुसरंच चालेल म्हणतो. सही घे, नायतर मेसेज तरी घे." एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावातली वेलांटी चुकली, तेव्हा मुलाचे मामा तळघरात येऊन मला नाही नाही ते बोलले. अक्कांनी शांतपणे मामांचीच सही असलेला नमुना पुढं ठेवला. मामांनी आपली सही ओळखली. मग अक्का म्हणाल्या, "बसा. लग्नघर आहे, नवं छापून देतो. पण पोरीला जे बोलला ते मागं घ्या." मामांनी मागं घेतलं. त्या दिवसापासून मी सही घेतल्याशिवाय एकही काम छापायला सोडलेलं नाही.

ऑफिसच्या संगणकावर त्यांनी 'शिदोरी' नावाचं एक फोल्डर केलं होतं. फुकट आणि रीतसर वापरता येतील असे देवनागरी फॉन्ट, त्यांच्या परवानगीची कागदपत्रं, कागदाच्या जाडीचे नमुने कुठले मागायचे, गिऱ्हाइकाशी करायच्या कराराचा साध्या मराठीतला मसुदा, वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या चांगल्या धड्यांचे पत्ते, असं सगळं त्यात होतं. त्या काळात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी वेबसाइटवर टाकलं की त्याची नुसती चिन्हं व्हायची. ते सरळ कसं करायचं हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. आजूबाजूच्या छपाईच्या दुकानांतली पोरं पेनड्राइव्ह घेऊन यायची आणि शिदोरी भरून न्यायची. मालक चिडायचे. "अक्का, आपलं सगळं बाहेर वाटू नका हो." अक्का म्हणायच्या, "शेठ, ही पोरं चोरीचे फॉन्ट वापरून उद्या फसली तर बदनामी धंद्याची होते. धंद्यात आपण बी आहोत."

पण त्यांचं खरं काम आम्हाला तिथून बाहेर काढण्याचं होतं, असं आता वाटतं. कोणी नोकरीसाठी आपल्या कामाचा संग्रह करायला घेतला की त्या शेजारी येऊन बसायच्या. "जे काम पुन्हा करायला आवडंल तेवढंच ठेव. वाढदिवस ठेवलेस तर जन्मभर वाढदिवसच मिळतील." माझे सगळे फ्लेक्स त्यांनी काढून टाकायला लावले. मी म्हटलं, "अक्का, मग उरतंय काय?" त्या म्हणाल्या, "मग आता बनव. गावातल्या दवाखान्याची पाटी कोणी धड केली नाय. ती कर, आणि खाली लिही का केलीस. सुंदर तर सगळेच करतात. का केलं ते सांगणारी माणसं लोकांना पाहिजेत." त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुण्याला, बंगळुरूला लागली. एकेकाचा निरोप आला की अक्का पेढा खायच्या आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर नव्या पोराला बसवायच्या.

त्या स्वतः का गेल्या नाहीत, हे कळायला मला वेळ लागला.

मी येण्याआधी बीड बायपासच्या पलीकडं एका बिल्डरनं मोठी वसाहत काढली होती. शहर तेव्हा त्या बाजूला धावत सुटलं होतं. त्या वसाहतीचं माहितीपत्रक अक्कांनी केलं होतं. नावातच सरोवर होतं, म्हणून बिल्डरनं चित्रात तळं मागितलं. अक्कांनी ते काढलं. काठावर झाडं, पाण्यात इमारतीची सावली, एक बगळासुद्धा. त्यांना त्या वेळी सांगितलं होतं की तळं दुसऱ्या टप्प्यात खरंच होणार आहे, पाण्याची लाइन मंजूर आहे. त्यांनी विश्वास ठेवला. इतका ठेवला की स्वतःची सगळी पुंजी घालून तिथंच घर घेतलं. देवगावची विहीर आटली तशी त्यांनी आबांना आणि मायला, म्हणजे आई-वडिलांना, त्या घरात आणून ठेवलं.

पाण्याची लाइन आली नाही. बोअर आटली. वसाहत टँकरवर आली. बाकीची माणसं नोकरीवर गेलेली, म्हणून आबा सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून टँकरची वाट बघत बसायचे. मी एकदा घरी गेले तेव्हा मला म्हणाले, "शेतात बी आभाळाकडंच बघत होतो पोरी. इथं रस्त्याकडं बघतो, एवढाच फरक."

त्याच सुमाराला पुण्याच्या एका स्टुडिओनं अक्कांना बोलावलं. मोबाइलसाठी मराठी अक्षरं नीट बसवणारं माणूस त्यांना हवं होतं. अक्का खूश झाल्या, इतक्या की दुपारी मला गुलमंडीवर नेऊन कुल्फी खाऊ घातली. घर विकायचं आणि आई-वडिलांना घेऊन जायचं, असं ठरलं. घर बघायला माणसं आली. सगळे आधी स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडून बघायचे. एका बाईंनी तर माहितीपत्रकच सोबत आणलं होतं. "यात तळं आहे ना?" असं त्यांनी अक्कांनाच विचारलं. अक्कांनी खरं सांगितलं. ते घर काही विकलं गेलं नाही, आणि पुण्याच्या स्टुडिओनं थांबून थांबून दुसरं माणूस घेतलं.

मग दुसऱ्या टप्प्याचं माहितीपत्रक आमच्याकडं आलं. बिल्डरसाहेब स्वतः जिना उतरून आले. मजकुरात 'मुबलक पाणी' हे शब्द होते. अक्का म्हणाल्या, "साहेब, मी तिथंच राहते."

साहेबांचा चेहरा उजळला. "अरे, मग तर फारच छान. तुमच्याच घरच्यांचा फोटो टाकू. समाधानी कुटुंब. त्या दिवशी मी दोन टँकर जास्तीचे पाठवतो."

मी त्या क्षणी अक्कांकडं बघितलं. त्यांनी मजकुराचा कागद टेबलावर पालथा ठेवला. त्यांनी होकारही दिला नाही, नकारही नाही.

पण ही बातमी त्यांच्याआधी वसाहतीत पोचली. संध्याकाळी शेजारी घरी जमले. त्या दिवशी मीही तिथं होते. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "अक्का, दुसरा टप्पा विकला गेला तरच लाइन येणार. तुम्ही खरं लिहाल तर आमची घरं मातीमोल होतील. चांगलं काढा. आमच्यासाठी काढा." एक बाई नुसत्या रडल्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण तिथंच व्हायचं होतं. अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "वैशे, खोटं केलं तर नवी माणसं अडकणार. खरं केलं तर ही आहेत ती बुडणार. मला एक बी रस्ता दिसंना."

आबा आतून म्हणाले, "टँकर येतोय ना? मग येऊ दे. फोटो काढल्यानं माणूस झिजत नाय."

फोटोच्या दिवशी जास्तीचे टँकर खरंच आले. सगळ्या वसाहतीनं पिंप, कळश्या, बादल्या भरून घेतल्या. आबांनी पांढरा सदरा घातला, माय ठेवणीतलं लुगडं नेसली. छायाचित्रकारानं आबांना विचारलं, "आजोबा, इथं कसं वाटतं?" आबा सरळ म्हणाले, "टँकर आला की बरं वाटतं." आणि हसले. फोटो फार सुंदर आला होता.

अक्कांनी ते पान जीव लावून केलं. डावीकडं आबांचा फोटो, उजवीकडं भरपूर मोकळी जागा, आणि त्यात आबांचंच वाक्य, शब्दही न बदलता. मालकांनी ते वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "अक्का, हे वाक्य काढा."

"वाक्य काढायचं तर फोटो बी काढते. माणूस पाहिजे तर त्याचं बोलणं बी पाहिजे."

"साहेब काम काढून घेतील."

"घेऊ द्या. त्यांना दुसरं तळं काढणारा मिळंल. मी एकदा काढलंय, आता नाय काढायची."

काम खरंच दुसरीकडं गेलं. नवं माहितीपत्रक आलं तेव्हा त्यात कुठल्याशा परदेशी कुटुंबाचा हसरा फोटो होता. घरं बऱ्यापैकी विकली गेली, पण लाइन काही आली नाही. वसाहतीतल्या काही माणसांनी अक्कांशी बोलणं सोडलं. गुरुजी आबांच्या शेजारी फाटकाशी बसायचे, तेही बंद झालं. मालकांनी अक्कांना कामावरून काढलं नाही, पण चांगलं काम त्यांच्याकडं जाणं थांबलं. दिवसभर त्या वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली करायच्या. एकदा मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच म्हणता ना, वाढदिवस केले की वाढदिवसच मिळतात." त्या म्हणाल्या, "व्हय. म्हणून तर तू निघ."

मला पुण्याची नोकरी लागली ती त्यांनी शेजारी बसून निवडलेल्या कामांवर. जाताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. "पहिले काही महिने तुला वाटंल की सगळ्यांना तुझ्यापेक्षा जास्त येतं. त्यांना बी तसंच वाटतंय. जे येत नाय ते विचार. आणि माझ्यासारखं फार दिवस एका खुर्चीत बसू नको, खुर्ची माणसाचा आकार घेती." एवढं बोलून त्या वळल्या. समोर एक गिऱ्हाईक फोटो घेऊन उभं होतं.

पुढं तळघर बंद पडलं. अक्का घरूनच काम करू लागल्या. शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या, लेटरहेड, वेबसाइट बदलायची कामं इतकी निघाली की त्या वर्षी त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. आबा गेले. पुण्यात माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ झाला आणि मी पहिल्यांदा अक्कांनाच फोन लावला. म्हटलं, "मराठी कामाची सगळी जबाबदारी तुमची. मायला घेऊन या. घर बंद राहिलं तर राहू द्या."

अक्का म्हणाल्या, "मायला आता कळत नाय गं. तिला वाटतं आबा खाली बसलेत. रोज संध्याकाळी जेवायला बोलवायला सांगती. मी म्हणते, टँकर आला की येतील. तेवढ्यावर ती गप बसती. दुसऱ्या गावात तिला काय सांगू?"

त्यांनीच पुढं विचारलं, "जागा खरंच आहे ना? मग रिकामी ठेवू नको. माझ्याकडं सोयगावची एक पोरगी शिकायला येती. अक्षराची नजर आहे तिला. तिला घे."

ती आली. तिचं काम उघडून बघितलं, मोजकंच होतं, आणि प्रत्येकाखाली का केलं ते लिहिलेलं. मी आणखी काही न विचारता तिला घेतलं. दुपारी डबा खाताना सहज विचारलं, "अक्कांनी काय सांगून पाठवलं?"

"म्हणल्या, सणावाराला ये. कामाला परत येऊ नको."

"हसत म्हणाल्या का?"

पोरगी घास हातात धरून आठवत राहिली. "नाय," ती म्हणाली. "माझी बॅग उसवली होती. ती शिवत होत्या."