गाळलेली शेळी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला नाशिकला नेलं. रानभाज्यांचा महोत्सव होता. हॉलमधले पंखे इतके जोरात की टेबलावर मांडलेली भाजी तिथंच वाळून चालली होती. तेऱ्याची, म्हणजे रानअळूची, पानं आम्ही तेऱ्याचा सण केल्याशिवाय तोडत नाही. इथं सणाच्या आधीच त्याची वडी तळून झाली होती आणि वर पाटी होती, ‘पारंपरिक ज्ञान’. मी चौथी शिकले आहे, पाटी वाचता येते.

मला शाल दिली, नारळ दिला आणि आमच्या शिवेची गोष्ट सांगायला उभं केलं. मी सगळी सांगितली. टाळ्या झाल्या. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “आजी, हे जपलं पाहिजे हो.”

मी म्हटलं, “जपा की. आधी ती जमीन आमच्या नावावर करा.”

त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीची आहे.

ती गोष्ट अशी. आमच्या गावाची पहिली म्हातारी डोक्यावर नागलीच्या बियाण्याची टोपली आणि हातात शेळीची दोरी घेऊन डोंगर चढून आली. वाटेत वाघ बसलेला. वाघ म्हणाला, दिवस मावळायच्या आत जेवढ्याला वळसा घालशील तेवढं तुझं, बाकी माझं. दुसरी कोणी असती तर पळत सुटली असती. आमची म्हातारी चालली रमतगमत. एका दगडावर टोपली टेकवली, एका उंबराखाली पाणी प्याली, एका टेकाडावर पायातला काटा काढला, आणि थांबली तिथं वाघाला शिवी देऊन पुढं गेली. ती जिथं जिथं थांबली ती आमची शीव. सहाव्या ठिकाणी शेळी अडली. तिला करवंदीची जाळी दिसली होती. म्हातारीला तिच्यामागं पार घळीपर्यंत उतरावं लागलं, म्हणून आमची शीव तिथं पोटासारखी बाहेर आली आहे. अशा बारा जागा. शेवटी ती वाघापुढं परत आली. तिथं आता लाकडात कोरलेला वाघदेव उभा आहे.

वाघ खरंच बोलला का, मला माहीत नाही. मी तिथं नव्हते. पण दगड आहेत, उंबर आहे, घळ आहे. मी नवी नवरी असताना सासूनं ही गोष्ट सांगत सांगत बाराही जागा माझ्या पायाखालून नेल्या. आम्हाला नकाशा नव्हता. ही म्हातारीच होती.

त्याच वर्षी दिवाळीआधी वनहक्काच्या दाव्यासाठी मोजणीचे साहेब आले. जुन्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, असं कायद्यात आहे म्हणे, म्हणून गावानं मला पुढं केलं. साहेबांच्या हातात जागा धरणारं यंत्र होतं आणि त्यांना चार वाजता दुसऱ्या गावाला पोचायचं होतं. मी वाघदेवापाशी बसून टोपलीपासून सुरुवात केली.

“आजी, गोष्ट नको. नुसते पॉइंट सांगा.”

“पहिल्यापासून सांगितल्याशिवाय पुढची जागा येत नाय, साहेब.”

“करा प्रयत्न. वाघाची साक्ष काय कोर्टात चालत नाही.”

सगळे हसले. मीही हसले. हॉलमधल्या टाळ्या अजून कानात होत्या, वाटलं, आपल्याला काय अवघड? बोटांवर मोजत निघाले. टोपली, उंबर, काटा. पाचवी जागा झाली आणि मी सरळ सातवीवर गेले. यंत्र टिक टिक करत राहिलं. मागून येणाऱ्या गावच्या वनहक्क समितीच्या माणसांपैकी एकानंही हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी गोष्ट शंभरदा ऐकलेली, पण साहेबांसमोर शेळीचं नाव कोण काढणार?

“बघा,” साहेब म्हणाले, “गोष्टीशिवाय अर्ध्या वेळात झालं.” मला एक बिस्किटाचा पुडा दिला. मी तो सगळा खाल्ला.

माघ लागताना नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. माझी जाऊ तेव्हाच दिंडोरीहून द्राक्षबागांचं काम आटपून परतली होती. दिवाळीआधी छाटणीला गेलेली, म्हणून मोजणीच्या दिवशी ती गावात नव्हती. माझ्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती, एका कोंबड्यावरून. नवरा गेल्यावर तिच्याकडं घळीच्या वरचं नागलीचं वावर तेवढं उरलेलं. तिनं नकाशावर बोट फिरवलं. शीव तिथं दोरी ताणल्यासारखी सरळ होती आणि तिचं वावर बाहेर, सरकारी जंगलात.

“कोंबड्याचा राग वावरावर काढलास व्हय गं?” ती सगळ्यांदेखत ओरडली.

“अगं, शेळी राहिली,” मी म्हटलं.

“शेळी राहिली म्हणं! सगळं सांगितलंस, माझ्याच वावरापाशी बरी तुझी जीभ अडली!”

तिच्याबद्दल मला माया नव्हती, आजही नाही. पण वावर तिचं होतं, आणि चूक माझी. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी एकाच जीपनं कचेरीत गेलो. ती एका खिडकीतून बाहेर बघत होती, मी दुसरीतून.

साहेब म्हणाले, “दुरुस्तीला लेखी जबाब लागेल. सहावा पॉइंट तेवढा सांगा.”

“नुसते पॉइंट सांगितले म्हणून तर तो गेला,” मी म्हटलं, आणि खुर्चीवर मांडी घालून टोपलीपासून सुरू केलं.

कारकुनानं दोन ओळी लिहून पेन ठेवला. वाघ आला तेव्हा शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. काटा निघेपर्यंत चहावालाही किटली घेऊन उभा. हे लोक रोज आमच्या अर्जात पुरावा शोधतात आणि पुरावा बोलायला लागला की त्याला गोष्ट म्हणतात. सहाव्या जागेवर मी शेळी अडवली आणि पुढं निघाले, तोच मागून जाऊ म्हणाली, “शिवी राहिली.”

सासू तिचीही तीच.

“म्हातारी शेळीला म्हणाली, रांडं, दोन पळसांमधून घुसलीस, आता निघशील कुठनं? ते दोन पळस अजून हायेत. त्यांच्या अलीकडं माझं वावर.”

खरंच, पळस माझ्या डोक्यातून गेले होते. कारकुनानं साहेबांकडं पाहिलं. “शिवी लिहू का, साहेब?”

“शिवी सोडून लिहा.”

“काय सोडू नका,” जाऊ म्हणाली. “मागच्या खेपेला शेळी सोडली तर माझं वावर गेलं.”

साहेबांनी कपाळ चोळलं आणि लिहा म्हणाले. होळीनंतर ते पुन्हा आले. पळस फुलले होते, शोधावे लागले नाहीत. या वेळी प्रत्येक दगडापाशी यंत्र धरून तेच विचारत होते, “इथं म्हातारी काय म्हणाली?” आणि जाऊ मोठ्यानं सांगत होती, माझ्यापेक्षा दोन शिव्या जास्तच. नव्या नकाशात शीव पोटासारखी बाहेर आली आहे आणि वावर त्या पोटात आहे. जबाबात सहाव्या जागेला ‘पशू अडल्याचे ठिकाण’ म्हटलंय. शिवीही आहे, फक्त तिला ‘उद्गार’ केलंय.

साहेबांची गाडी गेली. आम्ही दोघी वाघदेवापाशी बसलो. अकरा वर्षांनंतर ती पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलली.

“पण कोंबडं तूच कापलंस.”

“कापलं,” मी म्हटलं. “लय चिवट निघालं.”