पाच वेळा ‘माहीत नाही’

गेल्या रविवारी निरवांगीला जाऊन आलो... माझ्याच लेखाबद्दल माफी मागायला.

झालं असं, की बारामतीतल्या एका साप्ताहिकाच्या वर्धापनदिन अंकात मी विश्वाच्या उत्पत्तीवर लिहिलं होतं. लेखाखाली माझा नंबर होता. शनिवारी निरवांगीच्या तबस्सुमचा फोन आला. बारावी झालेली मुलगी, तिला फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचं होतं. फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत.

पण तिचे वडील दस्तगीरभाई फार्मसीवर अडून बसले होते. का, तर विश्वातलं सगळं शोधून झालंय, असं माझ्या लेखात त्यांनी वाचलं होतं. तिनं एवढंच विचारलं, की काका, खरंच सगळं झालंय का?

मी असं लिहीन? अंक उघडला आणि डोकंच फिरलं. महास्फोटाच्या आधी काय होतं, डार्क मॅटर कशाचं बनलंय, विश्व वाढत्या वेगानं का पसरतंय... अशा पाच ठिकाणी मी ‘हे अजून कुणालाच माहीत नाही’ असं लिहिलं होतं. पाचही ठिकाणी छापून आलं होतं, ‘शास्त्रज्ञांनी याचा पूर्ण उलगडा केला आहे.’

संपादकांना फोन लावला. ते एकदम शांत.

“पाच पाच वेळा माहीत न्हाय म्हणल्यावर वाचक काय म्हणंल, राव? तुमची इज्जत राखली आमी.”

म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ जिथं अडलेत, ते कोडं या गृहस्थांनी चहा गार व्हायच्या आत सोडवलं होतं. आपल्याकडं माहीत नाही म्हणण्याची लाजच फार. रस्ता विचारा, ठाऊक नसला तरी माणूस हात करून कुठंतरी धाडतोच. लासुर्ण्याला निघालेला पणदऱ्यात पोचला तरी चालेल...

तर मूळ टाइप केलेली प्रत घेऊन गेलो. दस्तगीरभाईंचं टेलरिंगचं दुकान. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि एकेका वाक्यावर बोट ठेवून वाचू लागले. तबस्सुम दारात उभी होती.

“म्हंजी ह्ये कुणालाच ठावं न्हाय?”

नाही, म्हटलं.

“आन् ह्ये बी?”

तेही नाही.

पाचही झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला. “समदं उरकलंय म्हणून पोरीला वळवत हुतो मी. एवढं काम पडून हाय तर जाऊ द्या की तिला.” मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत, “पर सर, छापून आल्यावर तुमी एकदा बी वाचलं न्हाय व्हय?”

संपादकांसाठी जमवून ठेवलेले सगळे शब्द तसेच घेऊन परत आलो.

खरं सांगतो... अंक हातात आला त्या दिवशी मी फक्त माझा फोटो कसा आलाय तेवढंच पाहिलं होतं. तबस्सुम, छापलेल्यावर शंका घेऊन फोन केलास, त्याबद्दल मनापासून आभार.