बडबडीची क्यासेट

निमगाव केतकीच्या झुंबरला भारुडाचं वेड लागलं ते लागलंच. भेंडीची तोडणी राहू दे, दारात पाहुणा बसलेला राहू दे. अप्पा शाहिरांचा कार्यक्रम म्हटला की हा गडी टेप काखोटीला मारून पुढच्या रांगेत हजर. शेजारी बायको, सिंधुबाई. तिला भारुडाचं काही नव्हतं हो, नवऱ्याजवळ दोन घटका बसायला मिळायचं एवढंच. ते ह्या बाबाला कधी कळलं नाही.

असे कार्यक्रम टेप करून ठेवणाऱ्यांचा आपसात रिवाज होता, क्यासेटीच्या बदल्यात क्यासेट. पण आत कुणाची कुजबुज आली असली तर ती क्यासेट कुणी हातात धरत नसे. म्हणून सिंधुबाईनं तोंड उघडलं की झुंबर डोळे वटारायचा. बापडी जन्मभर तोंडाला कुलूप लावून बसली.

गेल्या साली ती गेली आणि घर खायला उठलं. निदान आवाज तरी ऐकावा म्हणून झुंबरनं पेटीतल्या क्यासेटी एकेक करून लावल्या. अप्पा गात होते, टाळ वाजत होते, लोक हसत होते. तिचा एक शब्द सापडेना. म्हातारा ढसाढसा रडला.

मग त्याला मोरगावच्या कार्यक्रमाची क्यासेट आठवली. त्या दिवशी सिंधुबाईला काय झालं होतं देव जाणे, शेळीपासून सासूपर्यंत बोलतच सुटली होती. ती क्यासेट कुणी घेईना, तेव्हा त्यानं रागानं बारामतीच्या सावळारामला फुकट देऊन टाकली होती. सावळाराम त्याच्यासारखाच टेपवेडा. झुंबरनं सकाळची एसटी धरली.

"हाय की, जपून ठेवलीय," सावळाराम म्हणाला. "आन् तवाच साफ बी केली. गाणं संपलं की वैनी बोलायच्या, तितलं सगळं पुसून काढलं. लई खपलो बघा, तात्या."

झुंबरनं टेपाकडं बोट दाखवलं. सावळारामनं टेप सुरू केला. अप्पांनी सूर लावला आणि त्यावर झुंबरचाच आवाज आला, तरणा, कावलेला. "गप की गं जरा."

"तुमचं तेवढं राहिलं," सावळाराम ओशाळून म्हणाला. "गाण्यावरच आलं व्हतं, पुसता येईना."

"त्याच्या आदी काय म्हणत व्हती ती?" झुंबरनं विचारलं. "आठवून सांगा की."

सावळारामनं बराच वेळ डोकं खाजवलं.

"न्हाय आठवत, तात्या. पुसायपुरतंच ऐकलं व्हतं."