न दिसलेला फाउल

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला राहायला आलो तेव्हा मला सदतिसावं लागलं होतं. आठवडाभर तेल कंपनीत पाइपांची गणितं करायची आणि शनिवारी सकाळी मुलामुलींच्या सॉकरच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभं राहायचं, असा क्रम होता. नागपूरला मी कॉलेजकडून खेळलो होतो. इथल्या लोकांपेक्षा हा खेळ मला जास्त कळतो, याबद्दल मनात कधी शंका आली नाही.

मॅचेस वाटून देणारे गृहस्थ म्हणजे शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर. दर गुरुवारी त्यांचा फोन यायचा आणि मला दहा वर्षांखालच्या मुलांची मॅच मिळायची. फायनल कायम दुसऱ्याला. माझ्या उच्चारांमुळे, रंगामुळे असं होतं, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, असेलही, पण तू हल्ली धापा टाकतोस तेही त्यांना दिसत असेल. याचा मला राग यायचा.

शेवटी एकदा मी त्यांनाच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या यादीत बावीस रेफरी आहेत. मोठी मॅच आपल्यालाच मिळायला हवी, असं बावीसच्या बावीस जण सांगतात. मला छोटी द्या, असं अजून कुणी म्हणालेलं नाही."

मे महिन्यात एका रेफरीचा पाय मुरगळला आणि चौदा वर्षांखालच्या मुलींची फायनल माझ्याकडे आली. दमट हवेत अंगाची लाही होत होती. मॅच संपत आली तरी बरोबरी होती आणि माझे पाय उचलत नव्हते. एका लांब पासवर एक मुलगी चेंडू घेऊन गोलकडे धावली. मी खूप मागे राहिलो. मला दिसली ती फक्त तिला अडवणाऱ्या मुलीची पाठ, आणि मग खाली पडलेली ती. मी शिट्टी वाजवून पेनल्टी दिली. अडवणारी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, मी तिला शिवलेसुद्धा नाही. मी तिला मागे व्हायला सांगितलं. पेनल्टीवर गोल झाला आणि तिची टीम हरली.

मॅचनंतर कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माझ्या लाइन्समनने बूट सोडता सोडता विचारलं, "तुला दिसलं होतं का?"

"दिसलं," मी म्हणालो.

त्याने दुसरा बूट सोडायला घेतला.

त्या आठवड्यात ऑफिसात लक्ष लागेना. चूक कुणाचीही होते. पण न पाहिलेलं मी पाहिलं म्हणालो, ते सलत राहिलं. बुधवारी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली.

"मला सांगून काय होणार? त्या मुलीला सांग."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर तिच्या टीमच्या प्रॅक्टिसला गेलो. कोचने मुलीला बोलावलं. कुंपणापाशी उभे असलेले तिचे वडीलही आले. मी फार मागे होतो, मला काहीच दिसलं नव्हतं, तरी मी शिट्टी वाजवली, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वडिलांकडे बघून म्हणाली, "मी सांगत होते तुम्हांला."

ती खेळायला परत गेल्यावर वडील हळूहळू बोलू लागले. हरलं तरी चालेल पण खोटं बोलू नये, असं ते चार दिवस तिला समजावत होते. रेफरी उगाच कशाला शिट्टी वाजवेल, असं त्यांना वाटलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण हात पुढे केला नाही. मला त्यांचा राग आला नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. त्यांनी काही बोलायच्या आधीच मी सगळं सांगितलं आणि छोटी मॅच मागितली. ते म्हणाले, झेंडा घेऊन कडेला उभे राहाल का?

दोन सीझन मी लाइन्समन म्हणून काम केलं. ऑफिसआधी पळायलाही लागलो. मास्तरांविषयीचा माझा संशय पुरता कधी गेला नाही, आणि एखाद वेळी तो खराही असेल. पण त्या मैदानावर मी मागे पडलो होतो, त्यात त्यांचा काही हात नव्हता.